म्हशीच्या पंपावरचं कुंकू

प्रिय दादा,

पहिल्याच ओळीला अडलो. तू फौजेत होतास तेव्हा मी 'तीर्थरूप दादास' असं लिहून घरची खुशाली कळवायचो. वाटेत कुणी पत्र फोडतंय का हे समजावं म्हणून पाकिटाच्या तोंडावर पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढायचो, आणि ती रेघ जुळली की नाही ते तू उलट टपाली कळवायचास. आता पाकीट नाही, पत्ता नाही. खुशाली तरी कुणाची विचारू?

तरी लिहितोय, कारण काल मी माधवनगरला कल्लाप्पा मिस्त्रीच्या पंप रूममध्ये गेलो होतो. आपल्या गाडीचा डिझेल पंप त्याच्या टेबलावर उघडा पडलाय. तोच दुरुस्त करायचा की दुसरा बसवायचा, हे मला शुक्रवारपर्यंत त्याला सांगायचंय. पण त्यानं काल जे सांगितलं, त्यानंतर डोकंच चालेनासं झालंय. तू माझ्याशी असं वागलास, दादा? आणि वागलास तर तोंडातून एक शब्द का नाही काढलास?

माझा स्वभाव तुला नवा नाही. इतकी वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतोय. उसाची गाडी काट्यावर आली की मी ऊस बघत नाही, आधी गाडीवानाचे पाय बघतो. गडी हळूच एक पाय काट्यावर टेकून उभा आहे का, कुठं हात दाबून धरलाय का. तू म्हणायचास, "सद्या, तू देवळात गेलास तरी घंटा भरीव हाय का पोकळ ते बघशील." बघितली होती. पोकळच असते.

ती गाडी तू आणलीस तेव्हाही मला संशयच आला. साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या वकिलाच्या अंगणात ती जुनी अमेरिकन मोटार कित्येक वर्षं उभी होती. काळी, रुंद, दोन्ही बाजूंनी फुगलेली. चांगली असती तर वकील कशाला विकेल, असं म्हणून मी तासभर तिच्याखाली पाठीवर पडून राहिलो. सापडलं काय, तर कोंबडीनं घातलेली तीन अंडी. कोरेगावापासून आपल्या गावापर्यंत माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. गावानं पहिल्याच दिवशी तिला म्हैस म्हणायला सुरुवात केली, आणि तुलाही ते आवडलं.

मग पेट्रोलचा भाव भडकला. म्हैस प्यायची तरी किती! गोठ्यात उभी राहिली, अंगावर कडब्याच्या पेंढ्या पडल्या. तू तिच्याकडं बघायचंही सोडलंस असं मला वाटलं होतं. पण गावातल्या रखमाकाकूंना बाळंतपणात अडल्या म्हणून बैलगाडीतून साताऱ्याला नेताना त्या वाटेतच गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू पेंढ्या काढायला लागलास. "हिला डिझेलवर आणायची," एवढंच म्हणालास. फौजेत तू एवढ्या गाड्या उघडल्या होत्यास की तुला कुणी का आणि कसं विचारलं नाही. मी विचारलं. तू माझ्याकडं पाना मागितलास.

मोडीत निघालेल्या एका माल वाहायच्या गाडीचं डिझेल इंजिन तू मिरजेहून आणलंस. कुपवाडला तेव्हा नवीन शेड उभ्या राहत होत्या. तिथल्या एका लेथवर जाड पत्र्याची प्लेट कापून घेतलीस आणि त्या अमेरिकन गिअरबॉक्सला हे परकं इंजिन जोडलंस. आत टाकण्याआधी त्याचं डोकं उतरवलंस, व्हॉल्व्ह घासलेस, जुनं पेट्रोलचं सगळं सामान काढून टाकलंस. सगळं जमलं, फक्त पंप नव्हता. मोडीवाल्यानं तो आधीच कुणाला तरी विकून टाकला होता. मला तर वाटलं, त्यानं तो मुद्दाम काढून ठेवलाय, आपण परत गेलो की आपल्यालाच विकायला.

तेव्हा आपण दोघं पॅसेंजरनं माधवनगरला उतरलो होतो. आठवतं? कल्लाप्पानं टेबलावर दोन पंप ठेवले. एक लांब, जड, चार एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारे दट्टे, ओळीनं बसवलेला, लाइन पंप. दुसरा मुठीत मावेल असा गोल, चकचकीत, रोटरी. काम दोघांचं एकच, डिझेल मोजून दाबानं नोझलपर्यंत पोचवायचं. मला रोटरी आवडला. हलका, नवा, आणि गाडी पळवणारा. लाइन पंप कल्लाप्पाच्या फळीवर धूळ खात पडलेला होता, आणि तो आपल्या गळ्यात मारतोय असं मला स्पष्ट दिसत होतं.

तू रोटरी हातात घेऊन परत ठेवलास. म्हणालास, "ह्यो दिसाया देखणा हाय, पर ह्येला वंगण डिझेलचंच. आपलं डिझेल बॅरलमधलं. पाण्याचा एक थेंब गेला का गाडी जाग्यावर उभी. त्यो म्हातारा बरा. त्येच्या पोटात त्येचं सोताचं ऑइल. चारातला एक बसला तरी तिघं साताऱ्यापतूर नेत्यात."

कल्लाप्पा हसला. "बराबर बोलला बघा फौजी," म्हणाला. आणि मला वाटलं, झालं, ह्या दोघांचं आधीच ठरलेलं आहे.

पंप मशीनवर चढवून कल्लाप्पानं फिरवला. चार काचेच्या नळ्यांत डिझेल साचायला लागलं. चारही नळ्यांत सारखं दिसलं. मी म्हणालो, नळ्यांच्या खुणा खोट्या असतील तर? तू मान खाली घातलीस. कल्लाप्पानं मात्र राग धरला नाही. "काटेवाले, नळ्या अदलाबदल करून बघा की," म्हणाला. मी खरंच करून बघितल्या. पुन्हा सारख्याच. मग गाडीनं जास्तीत जास्त किती पळायचं ते ठरवणाऱ्या स्क्रूवरून त्यानं तार फिरवली, पीळ घातला आणि त्यावर शिशाचं सील दाबलं. हे तोडायचं नाही, तोडलं तर माझी जबाबदारी संपली, असं बजावून पंप पोत्यात बांधून दिला.

सील बघून मला बरं वाटलं. जगात सील असलं म्हणजे अर्धी चिंता मिटते. उरलेल्या अर्ध्या चिंतेसाठी मी एक युक्ती केली. दर अवसेला आपण गाडीची पूजा करून लिंबू कापायचो ना, तेव्हा मी डिंकात कालवलेल्या कुंकवाचा एक ठिपका त्या तारेच्या पिळावर लावायचो. बघणाऱ्याला वाटावं पूजा आहे. तारेला कुणी हात लावला तर ठिपका तडकणार. हे मी कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही.

म्हैस चालली, दादा. काय चालली! धूर सोडत, खडखडत, पण चालली. पहिल्या वर्षात किती बायका आणि किती लेकरं साताऱ्याच्या दवाखान्यात पोचली. मलाही तू चालवायला शिकवलंस. तुझ्या हाताखाली मी साखरेच्या पोत्यासारखा गुमान बसायचो, एकटा असलो की मात्र अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप दाबला जायचा. माझी ती चूक मला कळत होती. पण आपली चूक आपल्याला कळत असताना दुसऱ्यानं सांगितलेलं मला खपत नाही.

माहुलीच्या पुलाचा दिवस. मागं पाटलांची सून कण्हत होती, म्हणून तू शेजारी असूनही माझा पाय दाबलेलाच. पुलाच्या आधीच्या वळणावर म्हैस घसरली आणि कठड्यापासून वीतभर लांब थांबली. मी खाली उतरून रस्त्यावर ऑइल सांडलंय का ते शोधत होतो. ऑइल नव्हतं. तू उतरलास, स्टिअरिंगवर येऊन बसलास, आणि पुढं साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, चला, सुटलो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आपल्या गावची यात्रा. तू कल्लाप्पाला जेवायला बोलावलंस. तो आला, पालखीवर पैसे उधळले, आपलं मटण पोटभर जेवला. माझी काट्यावर पाळी होती. संध्याकाळी घरी आलो तर तो गेलेला. दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि काय, म्हशीचा दमच गेलेला. अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाय खालच्या पाटीला टेकवला तरी एका चालीच्या वर जाईना. बॉनेट उघडलं. तार नवी, सील नवं. माझं कुंकू नाहीच.

आपल्या घरचं जेवून आपल्याच पंपाला हात घातला ह्यानं! आधी धूळ खाणारा लाइन पंप गळ्यात मारला, आता तो लंगडा केला की आपण रोटरीला परत येणार, हे मला उघड दिसत होतं. मी तुला पंप रूममध्ये ओढत नेलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर कल्लाप्पाला बोललो. काय काय बोललो ते तुझ्यासमोरच झालं. तू काचेच्या नळ्यांकडं बघत उभा होतास. कल्लाप्पानं एकदा तुझ्याकडं बघितलं, आणि हात पुसत म्हणाला, "चुकलं आसंल आमचं."

स्क्रू वाढवून दे, म्हणालो. तू मधे पडलास. "राहू दे सदा, इंजिन जुनं झालंय, झेपायचं न्हाई." तू त्याची बाजू घेतलीस म्हणून मी महिनाभर तुझ्याशी नीट बोललो नाही. तोही महिना आता मला परत पाहिजे, पण मागू कुणाकडं?

आणि मग ती दुपार. विहिरीवरच्या मोटारीपाशी तू बसलास तो उठला नाहीस. वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून तुला मागच्या सीटवर घातलं. मी पाय पाटीत रुतवला, दादा. म्हैस तिच्या चालीनं चालली. मागून एसटी आली, हॉर्न वाजवून पुढं निघून गेली. मी कल्लाप्पाच्या सात पिढ्या उद्धरत होतो आणि तू मागून म्हणालास, "पळंल तेवढी पळू दे. तू नीट धर." माहुलीच्या वळणावर म्हणालास, "हितं सावकाश." त्यापुढं काही बोलला नाहीस.

डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येणार नाही. मला त्यातलं फक्त 'आधी' ऐकू आलं. तीन महिने तेवढंच ऐकतोय.

म्हणून काल गेलो. पंप गळायला लागला होता हे निमित्त. कुपवाडला एका दुकानदाराकडं रोटरी बघून ठेवला होता. तो घ्यायचा, आणि त्याआधी हा जुना पंप कल्लाप्पाच्या टेबलावर आदळून जे बोलायचं ते बोलायचं, असं ठरवून निघालो. आदळला. म्हणालो, "माझा भाऊ ह्या पंपानं मारला."

कल्लाप्पानं मशीन बंद केलं. घासलेटनं हात धुतले. स्टूल पुढं ओढलं. "काटेवाले, बसा. लय दिस वाट बघतुया तुमची."

मी बसलो नाही.

"पंपाचा स्क्रू दादांनीच कमी कराय लावला," तो म्हणाला. "यात्रंला जेवाय बोलावलं ते त्येच्यासाठीच. मी म्हणलं, फौजी, भावाला सरळ सांगा की. तर म्हणाले, न्हाई. त्याला सांगितलं तर चावी खुंटीला लावंल आन् परत गाडीला शिवणार न्हाई. ल्हानपणी नांगरताना आमचा बा त्याला एकदा म्हणला, सदा, तास वाकडं गेलं. त्या दिवसापास्नं त्यानं नांगर धरला न्हाई."

दादा, ही आपल्या रानातली गोष्ट माधवनगरच्या माणसाला कुठून कळणार? तरी मी मनात म्हटलं, गप्पांत कधी बोलला असशील. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं, तो थोडाच उठून नाही म्हणणार आहे.

"डाक्टरनं छातीचं सांगितलं व्हतं त्यास्नी," कल्लाप्पा पुढं सांगत होता. "म्हणाले, माझं काय खरं न्हाई. माझ्या माघारी गाडी सदाच चालवणार. पाय लय जड हाय त्येचा. गाडीच हळू झाली म्हंजी त्याला कुणी बोलाय नको, आन् गावाची गाडीबी चालू राहील."

मी म्हणालो, पुरावा काय?

तो हसला नाही. हे आधीच ठाऊक असल्यासारखा देव्हाऱ्याकडं गेला, तसबिरीमागं हात घातला, तंबाखूची डबी काढली. डबीत तुटलेली तार होती आणि शिशाचं सील. तारेच्या पिळावर वाळलेलं, तडकलेलं कुंकू. "दादा म्हणाले, ही लाल खूण त्येची हाय. त्यो पुरावा मागणार. जपून ठेव."

पाकिटावरची पेन्सिलीची रेघ ओळखणारा तू, तुला कुंकू कळणार नाही असं मला वाटलंच कसं? तेव्हा मात्र मी स्टुलावर बसलो. कल्लाप्पानं चहा मागवला. मी त्याची माफी मागितली नाही, दादा. तोंड उघडलं आणि दुसरंच विचारलं, चार गिऱ्हाइकांसमोर शिव्या का खाऊन घेतल्यास? तो म्हणाला, "शबुद दिला व्हता की." मी त्याला पंप ठेवून घ्यायला सांगितलं आणि उठलो.

परतीच्या गाडीत मला तुझा राग येत होता. अजून येतो. मागच्या सीटवर कळ सोसत पडलेला असताना तुला ठाऊक होतं गाडी का पळत नाही ते. 'सदा, मीच कमी केलाय' एवढं म्हणायला किती श्वास लागला असता? तीन महिने मी एका भल्या माणसाला शाप दिले. आणि मी एवढा हलका आहे का रे, की खरं बोललं तर मोडून पडेन?

घरी आलो आणि चावी खुंटीला लावली. लावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तू म्हणाला होतास अगदी तसंच केलंय मी. तरी काढली नाही.

आज सकाळी वहिनी आली. दारात उभी राहून तिनं आधी खुंटीकडं बघितलं. "चावी खुंटीला लागली. म्हंजी कळलं वाटतं," म्हणाली.

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. त्या दुपारी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हाही. तिनं माझी समजूत काढली नाही. "भावजी, हौसाचं दिस भरत आल्यात. तिची आय सारखी इचारतीया, गाडी कवा येणार. काय सांगू?" ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

हौसा, रखमाकाकूंची धाकटी. जिची आई बैलगाडीत गेली, आणि जिची चुलती आता तिला आई होऊन सांभाळते. तू पेंढ्या काढल्यास त्या जिच्या आईपायी.

दिवसभर हिशेब मांडतोय. स्क्रू वर असता तर त्या दुपारी आपण लवकर पोचलो असतो. किंवा माझा तो जड पाय, ते वळण, मागं तू आणि वहिनी, आणि खाली कृष्णा. दोन्ही खरं असू शकतं. काट्यावर असं कधी होत नाही, काहीतरी एक वजन निघतंच. तू स्क्रू कमी करताना हे धरलं होतंस का, की एखाद्या दिवशी मागच्या सीटवर तूच असशील? मला वाटतं, धरलं होतंस. तेच मला सोसत नाही.

आता ऐक. शुक्रवारी मीच माधवनगरला जाणार आहे. रोटरी नको. लाइन पंपाला नवीन एलिमेंट घालायला सांगतो, तुझा म्हाताराच राहू दे. काल निघताना कल्लाप्पानं मागून विचारलं होतं, "स्क्रू वाढवू का? आता आडवणारं कुणी न्हाई." तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. आता देतो. तू जिथं ठेवलास तिथंच ठेवायचा. आणि जी माफी काल घशात अडकली, ती गिऱ्हाइकं असताना मागायची. शिव्या त्यांच्यासमोर दिल्या होत्या.

नळ्या मात्र मी अदलाबदल करून बघणार. त्याला तुझी हरकत नसावी.

नवं सील लागल्यावर अवसेला कुंकू लावीन. पंपाला लावीन, तारेच्या पिळाला नाही. आणि हौसाला घेऊन माहुलीच्या वळणावर येईन तेव्हा मागून कुणी सांगायची वाट बघणार नाही. हितं सावकाश, हे माझं मीच म्हणेन. चावी खुंटीवरून काढली आहे, ह्या वहीवरच ठेवली आहे.

ज्याचं तास वाकडं गेलं तो,
तुझा सदा